विनंतीवरून घरी

लग्नकार्यात कोणी विचारलं, "तुम्ही कुठं नोकरीला होता हो?" आणि मी "आरोग्य खात्यात" म्हटलं, की समोरची बाई आपलं मनगट पुढे करायची. नाडी बघा म्हणून. मग सांगावं लागायचं की मी नर्स नव्हते, डॉक्टरीण तर नव्हतेच. कोणत्या दवाखान्यात किती माणसं बरी झाली आणि किती मेली, ते मोजायचं माझं काम. यानंतर ती बाई पंगतीत माझ्या शेजारी बसत नसे.

हुद्दा सांख्यिकी सहायक. महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. गणित घेऊन अमरावतीला बी.एस्सी. झाले आणि बुलढाण्याच्या ऑफिसात लागले. तिथली पहिलीच बाई. माझ्यासाठी टेबल होतं, खुर्ची नव्हती. बाई येईल असं कोणाला वाटलंच नव्हतं की खुर्ची कोणी पळवली होती, हे शेवटपर्यंत कळलं नाही. पाठीमागं मला "आकडेबाई" म्हणायचे. तोंडावर म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं.

काम काय ते सरळ सांगते. जिल्ह्यात खाटा असलेले आठ दवाखाने आमच्याकडे होते. दर महिन्याला प्रत्येकाकडून कागद यायचे. एका पेशंटची एक ओळ: पुरुष की स्त्री, वय, आजार, किती दिवस दवाखान्यात होता, शेवटी काय झालं. शेवटच्या रकान्यात दोनच शब्द चालायचे, "सुटी" किंवा "मृत". नावाला जागाच नव्हती. नाव लिहिलं तर एका ओळीत मावत नाही, आणि कागद वरून मोजून यायचा.

त्या ओळींनी माझं डोकं पिकवलं. वय बघावं तर वीस, तीस, चाळीस, साठ. एकोणचाळीस वर्षांचा माणूस आमच्या जिल्ह्यात आजारीच पडत नसे. एका दवाखान्याचा कंपाउंडर सगळ्यांपुढं "ताप" लिहायचा. पाय मोडलेल्यालाही ताप. मी खरमरीत पत्र लिहिलं. त्याचं उत्तर आलं, "पाय मोडल्यावर ताप आला होता, करिता ताप लिहिला." काय बोलता यावर!

मग पुण्याकडचे एक साहेब बदलून आले. हुशार माणूस, कामाला वाघ. माझी वऱ्हाडी कानावर पडली की त्यांच्या भुवया वर जायच्या, म्हणून त्यांच्यासमोर मी जपून, पुस्तकातलं बोलायची. त्यांनी विचारलं, "बाई, आपल्या आठ दवाखान्यांत चांगला कोणता आणि वाईट कोणता, हे सांगता येईल?"

मी म्हटलं, "नुसते मृत्यू मोजून नाही सांगता येणार, सर." कारण ज्याच्याकडे म्हातारी आणि पार लोळागोळा झालेली माणसं येतात, त्याच्याकडे मरणं जास्तच असणार. कच्ची मुलं वाट्याला आलेल्या मास्तरला निकालावरून झोडपल्यासारखं ते होईल. याला एक रीत आहे, ती मी नागपूरला ट्रेनिंगमध्ये शिकले होते. सगळ्या जिल्ह्याचे पेशंट एकत्र करायचे. वयाचे, आजाराचे गठ्ठे पाडायचे. साठीचा न्यूमोनियावाला, असा एक गठ्ठा. त्या गठ्ठ्यातले जिल्ह्यात सरासरी किती दगावतात ते काढायचं. मग एकेक दवाखाना घेऊन विचारायचं, याच्याकडे जशी माणसं आली, तशीच सरासरी दवाखान्यात असती तर त्यातली किती दगावली असती? ते अपेक्षित मृत्यू. खरे मृत्यू त्याहून कमी, तर दवाखाना चांगला; जास्त, तर पाणी मुरतंय.

साहेब याला मॉडेल म्हणायचे. मी त्याला दळण म्हणायची, कारण ऑफिसात एकच हिशेबाचं मशीन होतं, हातानं दांडा फिरवायचं. एक भागाकार म्हणजे दांड्याचे कितीतरी फेरे, आणि मध्येच ते अडकायचं. अख्खं एक वर्ष मी दळलं. त्याच वर्षी माझी आई गेली. पंधरा दिवसांची रजा काढली, परत आले आणि पुन्हा दांडा धरला. खरं सांगायचं तर त्या दिवसांत त्या दांड्याचा आधारच झाला.

तक्ता तयार झाला तेव्हा मी स्वतःवर भारी खूश होते. असं काम आमच्या भागात दुसऱ्या कोणी केलेलं मला तरी माहीत नव्हतं. तक्त्यात पहिला आला घाटावरचा एक दवाखाना, आणि सगळ्यांत शेवटी, बऱ्याच खाली, संग्रामपूरच्याही पलीकडे सातपुड्याच्या पायथ्याला असलेला बारा खाटांचा. दोघांचीही नावं मी सांगणार नाही. घाटावरचा आणि पायथ्याचा म्हणू.

साहेबांनी आठही डॉक्टरांना बोलावलं आणि तक्ता मला वाचायला लावला. वाचून झाल्यावर ते म्हणाले, "पायथ्याच्या बारा खाटा आपण काढू. तिथे फक्त औषध देणं चालू ठेवू. खाटा घाटावरच्या दवाखान्याला देऊ. महिनाअखेर आदेश काढतो."

पायथ्याचे डॉक्टर सरोदे म्हणजे पन्नाशीचा, काळासावळा, खादीचा ढगळ सदरा घालणारा माणूस. अकोल्याकडचे, पण त्या भागात बारा वर्षं काढलेली. त्यांनी एवढंच विचारलं, "खाटा गेल्यावर माझे पेशंट कुठं जातीन, साहेब?"

"चांगल्या दवाखान्यात."

सरोद्यांनी भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिलं. नकाशावर ते अंतर वीतभर होतं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, तुमी आमच्या इकडं आल्या होत्या का कधी?"

मी म्हटलं, "आकड्यांसाठी यावं लागत नाही, डॉक्टर."

सगळे हसले. मीही हसले. इतक्या वर्षांच्या नोकरीतलं एक वाक्य परत घ्यायला मिळालं असतं, तर मी हे घेतलं असतं.

आदेशाबरोबर एक टिपण जोडायचं होतं: घाटावरचा दवाखाना पहिला का आला, ते नेमकं काय करतात. ते लिहायला साहेबांनी मला तिकडे पाठवलं. दवाखाना खरंच छान. फरशी लख्ख, बाटल्या ओळीनं, डॉक्टर मायाळू. मी वहीत "स्वच्छता" लिहिलं, "शिस्त" लिहिलं, आणि चहा घेऊन बाहेर आले. आवारात कडुलिंबाखाली एक बैलगाडी उभी होती. गाडीत कडबा पसरलेला, वर जाड वाकळ. गाडीवान चिलीम झाडत बसला होता. सुपडा त्याचं नाव.

"कोणाची वाट पाहून राह्यले, भाऊ?" मी विचारलं. साहेब नसले की माझी भाषा आपोआप घरी यायची.

"त्या सहा नंबरवाल्या म्हाताऱ्याची. डाक्टर म्हणे काही खरं नाई. मंग न्याव लागते ना बाई घरी, जीव हाये तवरच."

"रोज असते का गाडी?"

"रोजचीच. आपली गाडी म्हंजे दवाखान्याचीच समजा."

तेवढ्यात चौघांनी त्या म्हाताऱ्याला उचलून आणलं. पोरगा रडत होता, सून पायांशी धरून चालत होती. म्हातारा धापा टाकत होता, पण डोळे उघडे होते. वाकळीवर ठेवला, गाडी निघाली. डॉक्टर पायरीवर उभे होते. "काय करणार बाई," ते म्हणाले, "घरच्या भुईवरच जीव जायला पाहिजे, असं म्हणतात. मी अडवत नाही. माझ्या वडिलांनाही आम्ही असंच नेलं होतं."

मी काही अमेरिकेतून आले नव्हते. माणूस जायला लागला की त्याला खाटेवरून खाली घ्यायचं, सारवलेल्या भुईवर, तोंडात गंगेचं पाणी आणि तुळशीचं पान. खाटेवर जीव गेला तर घरादाराला बोल लागतो. हे मला लहानपणापासून ठाऊक. पण दांडा फिरवताना एकदाही डोक्यात आलं नाही. मी तशीच आत गेले आणि कंपाउंडरला म्हटलं, "आता तो म्हातारा गेला, त्याच्यापुढं तुम्ही काय लिहिणार?"

त्यानं मोठं रजिस्टर दाखवलं. दवाखान्यातल्या रजिस्टरात नाव, गाव सगळं होतं, आणि शेवटी "नातेवाइकांच्या विनंतीवरून घरी". अशा नोंदी पानापानावर.

"आणि आमच्याकडे पाठवता त्या कागदात?"

"सुटी."

"अहो, सुटी कशी?"

"दाराबाहेर जिवंत गेला ना बाई? तुमच्या कागदात दोनच शब्द चालतात. मृत तर नव्हता."

मी टिपण फाडलं आणि दुसऱ्या दिवशी पायथ्याची वाट धरली.

एस.टी. बदलत घाट उतरले, पुढे एका शेतकऱ्याच्या गाडीतून गेले, शेवटची नदी पायी ओलांडली. सरोद्यांनी मला पाहिलं आणि म्हणाले, "या. आकडे पाहाले आल्या का?" टोमणा होता, आणि मला तो मिळायलाच हवा होता.

त्यांनी दवाखाना दाखवला. व्हरांड्याच्या टोकाला तीन-चार फरश्या उखडलेल्या होत्या आणि तिथे माती टाकून शेणानं स्वच्छ सारवलं होतं. कोनाड्यात तांब्याची लोटी, बाजूला तुळशीची कुंडी. सरकारी दवाखान्यात फरशी उखडणं म्हणजे चौकशीच लागायची. मी विचारलं, "हे काय?"

"घर हाये हे," ते म्हणाले. "पहिले सगळेच उचलून नेत होते. नदीपर्यंतही जीव टिकत नव्हता. वाटेतल्या गोट्या-धोंड्यात मरत होते बिचारे, ना घरी ना दवाखान्यात. मंग म्या म्हटलं, तुमाले घरची भुई पाहिजे ना? आणा इथं. आता नातेवाईक येतात तं वावरातली मूठभर माती फडक्यात बांधून आणतात, इथं टाकतात. पेशंटले त्याच्यावर ठेवतो. सुई चालू, बाटली चालू, मी बाजूले."

"म्हणजे मरणं सगळी तुमच्याच नावावर."

"मरतात इथं, तं लिवतो मृत. दुसरं काय लिवू?" मग म्हणाले, "पण समदे नाई मरत ना, बाई. भुईवर घेतलेलं एखादं माणूस उठून बसते. न्यूमोनियाचा ताप सातव्या-आठव्या दिवशी धाडकन उतरते कधी कधी. मातीवरून उठते न आपल्या पायानं घरी जाते. गाडीत घातलं असतं तं?"

मी रजिस्टर पाहिलं. अशी माणसं होती. त्यांच्यापुढे त्यांनी "भुईवरून उठला" असं लिहून ठेवलं होतं, त्यातल्या एकीपुढे "पेढे आणले" असंही.

महिनाअखेरीला अठरा दिवस होते. नुसतं सांगून साहेब ऐकणारे नव्हते; त्यांना आकडा लागायचा, आणि तो धडा मीच त्यांना दिला होता. म्हणून घाटावरच्या रजिस्टरातून "विनंतीवरून घरी" नेलेल्या सगळ्यांची नावं उतरवायला कंपाउंडरला बसवलं. घरी नेल्यावर त्यांचं काय झालं, ते गावोगावी जाऊन पाहायचं. पोलीस पाटलाकडे गावातल्या जन्ममृत्यूची वही असायची, पण ती कधी पाटलाच्या शेतात, कधी पाटलीणबाईच्या धान्याच्या कोठीवर. खरी वही म्हणजे सुपडा. त्याचीच गाडी मी ठरवली. कोणाला कोणत्या दिवशी कुठं उतरवलं, दारात काय झाड होतं, सगळं त्याला तोंडपाठ. माझ्या मशीनची त्याच्यापुढं काय कथा.

बहुतेक घरी तेच उत्तर. त्याच दिवशी, नाही तर दुसऱ्या. काही वाटेतच. सगळेच मात्र नाही. एका गावात मी पारूबाईंचं घर विचारत गेले, तर धडधाकट म्हातारी चुलीपुढून उठली. मी कशाला आले ते सुपडानं सांगून टाकलं. म्हातारी लाटणं घेऊनच बाहेर आली. "मी मेली का नाई ते पाहाले आली का वं? काऊन, तुले घाई हाये का?" आम्ही गाडीत बसलो तरी ती ओरडत होती. मी वहीत पारूबाई, जिवंत, असं लिहिलं. त्या अठरा दिवसांत तेवढी एकदाच मी पोट धरून हसले.

शेवटच्या दिवशी सुपडा म्हणाला, "आता एकच राह्यलं. चिखलीच्या अंगाचं गाव." आणि गावाचं नाव घेतलं. माझं माहेर.

"तिथलं कोण?" मी विचारलं. कंपाउंडरनं उतरवलेली यादी मी गावाप्रमाणे बघत होते. त्या गावाचं पान अजून उलटलं नव्हतं.

"चिंचेजवळचं घर. म्हातारी होती एक. पोरगा संग होता, तो तं दोन दिवस नेऊ का नको, नेऊ का नको, करून राह्यला होता. त्याची बहीण म्हणे बुलढाण्याले हाफिसात. तिची चिठ्ठी आली एस.टी.वाल्याच्या हाती, घरी न्या म्हणून. मंग नेली."

ती चिठ्ठी मी लिहिली होती. भावानं लिहून पाठवलं होतं, डॉक्टर म्हणतात आशा कमी, ठेवू की नेऊ? त्याच कागदाच्या मागं मी लिहिलं, "घरी न्या. मी येते." मला दुसरं काही सुचलं नव्हतं, कोणालाच सुचलं नसतं. मी पोचले तेव्हा आई खाली भुईवर होती आणि बोलत नव्हती. आई घरी वारली, दवाखान्याशी त्याचा संबंध नाही, असंच मी धरून चालले होते. भावाच्या कागदात दवाखान्याचं नाव नव्हतं; ती कोणत्या दवाखान्यातून, कोणाच्या गाडीतून आली, हे विचारायचंही मला सुचलं नव्हतं.

"ती बहीण मीच, सुपडाभाऊ," मी म्हटलं.

त्यानं बैल थांबवले. मग मी विचारलं, "कशी होती वाटेत?"

"बोलत होती," तो म्हणाला. "दोनदा पाणी मांगलं. आन लेक आली का, म्हणे."

मी गाडीतच रडले. सुपडा खाली उतरून बैलांच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला.

ऑफिसात आले आणि जुने कागद काढले. ओळ सापडली. स्त्री, ६०, न्यूमोनिया, सहा दिवस, सुटी. आई सत्तावन्नची होती. शेजारी माझ्याच हातची निळी खूण, तपासले म्हणून. म्हणजे रजेवरून आल्यावर कधीतरी ही ओळ माझ्या बोटाखालून गेली होती, आणि मी ती बऱ्या झालेल्यांत मिळवून घाटावरच्या दवाखान्याला पहिला नंबर दिला होता.

सगळं दळण पुन्हा दळलं. घरी जाऊन गेलेल्यांना "सुटी"तून काढून "मृत"मध्ये घातलं, पारूबाईंसारख्या जगलेल्यांना जागेवर ठेवलं. घाटावरचा दवाखाना सगळ्यांत मोठा, त्याची मरणं धरली तशी जिल्ह्याची सरासरीच वर गेली, आणि पायथ्याच्या दवाखान्यातले अपेक्षित मृत्यू आता खऱ्यांपेक्षा जास्त निघाले. म्हणजे तिथे मरणं अपेक्षेपेक्षा कमी होती. घाटावरचा शेवटून दुसरा आला.

साहेब चिडले. "एका महिन्यात पहिला तळाशी आणि तळाचा वर? उद्या तिसरंच काही सांगाल. नातेवाईक नेतात, त्याला दवाखाना काय करणार? आदेश टाइप झालाय, बाई." मग नावांची यादी चाळता चाळता त्यांचं बोट शेवटच्या नावावर थांबलं. "हे कसं पडताळलंत? पाटलाच्या वहीचा क्रमांक नाही इथे."

पुस्तकातली भाषा त्या क्षणी मला सापडलीच नाही. मी म्हटलं, "ते म्या माझ्या डोळ्यानं पाह्यलं, साहेब. ती माझी माय व्हय. तुमच्या-माझ्या तक्त्यात ती बरी होऊन घरी गेली, असं लिवलं हाये."

साहेबांच्या भुवया वर गेल्या नाहीत. त्यांनी टाइप केलेला आदेश ड्रॉवरमध्ये ठेवला आणि तो तिथेच राहिला. बारा खाटा पायथ्यालाच राहिल्या. पुढच्या महिन्यापासून आमच्या कागदात "विनंतीवरून घरी" असा तिसरा शब्द चालू लागला. ती माझी कर्तबगारी म्हणून निवृत्तीच्या समारंभात वाचून दाखवली, तेव्हा मी मान खाली घालून बसले होते.

खाटा राहिल्याचं सांगायला मी स्वतः पायथ्याला गेले. सरोद्यांनी तक्ता वाचला, घडी घातली आणि परत दिला. "पहिल्या तक्त्यात मी वाईट होतो, याच्यात चांगला झालो. बारा वर्षांपासून मी तं तेच करून राह्यलो, बाई." यादी मात्र त्यांनी ठेवून घेतली आणि नावं वाचत गेले. शेवटच्या नावाशी थांबले. तिथे वहीच्या क्रमांकाच्या जागी मी नंतर "माझी आई" असं लिहिलं होतं.

"न्यूमोनिया?" त्यांनी विचारलं.

"हो."

"कितव्या दिवशी नेली?"

"सहाव्या."

सातव्या-आठव्या दिवसाचं ते मला आधीच सांगून बसले होते, आणि ते सांगितल्याचं त्यांनाही त्याच क्षणी आठवलं असणार. ते उठले आणि स्वतःच स्टोव्ह पेटवून चहा ठेवला.

मी व्हरांड्याच्या टोकाला जाऊन त्या सारवलेल्या तुकड्याशी बसले. कोणीतरी नुकतीच आणलेली काळी माती एका कोपऱ्यात होती, अजून न पसरलेली. मला रीत येत होती. वय माहीत होतं, आजार, दिवस, दोन्ही दवाखान्यांचे आकडे, सगळं माझ्याच पिशवीत होतं. आई तिथं ठेवली असती तर वाचण्याची आशा किती, हे काढायला दहा मिनिटं लागली असती. नोकरीतून सुटले त्या दिवशीही ते कागद हाती आले होते. तेव्हाही मी तो हिशोब केला नाही.

"बाई, चहा," सरोदे म्हणाले. मी उठले.